क्रूस आणि वधस्तंभ

मराठीत एकाच वस्तूला दोन शब्द आहेत आणि ते एकमेकांचे पर्याय म्हणून आपण सहज वापरतो. ‘क्रूस’ हा शब्द पोर्तुगीज ‘क्रूझ’वरून आला. कोकणीत त्याचा ‘खुरीस’ झाला, आडनावांत तो ‘डिक्रूझ’ म्हणून राहिला, आणि वसई-मुंबईकडच्या कॅथलिकांच्या प्रार्थनेत ‘क्रुसाची खूण’, ‘क्रुसाची वाट’ अशा प्रयोगांतून रुळला. दुसरा शब्द ‘वधस्तंभ’. बायबलच्या मराठी भाषांतरांतून तो रूढ झाला. बायबल सोसायटीच्या प्रचलित भाषांतरात येशूला वधस्तंभावर ‘खिळले’ जाते, आणि शिष्यांनाही आपापला वधस्तंभ उचलून मागे यायला सांगितले जाते.

या दोन शब्दांत फरक आहे. ‘क्रूस’ हे केवळ नाव आहे. मराठी कानाला त्यातून कोणताही अर्थ ऐकू येत नाही. दिसते ती एक आकृती, गळ्यातली, शिखरावरची, थडग्यावरची. ‘वधस्तंभ’ मात्र आकृती सांगत नाही, काम सांगतो. ज्यावर माणसाला मारतात तो खांब. नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द ‘स्टाउरोस’ हाही आधी उभ्या खांबाचाच, मेढीचाच वाचक होता. म्हणजे एका शब्दात चिन्ह आहे आणि दुसऱ्यात शिक्षा आहे.

ख्रिस्ती श्रद्धेत क्रुसाला काय अर्थ आहे, या प्रश्नाचे उत्तर सहसा धर्मसिद्धांतातून दिले जाते. आम्ही ते इतिहासातून शोधू पाहतो. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की या चिन्हाचा दोन हजार वर्षांचा इतिहास म्हणजे वर सांगितलेल्या दोन शब्दांमधली ओढाताण आहे. वधस्तंभाचा क्रूस होत गेला. आणि ज्या ज्या वेळी तो निव्वळ क्रूस होऊन बसला, त्या त्या वेळी कोणी ना कोणी त्याच्यावरच्या माणसाकडे पुन्हा बोट दाखवले. मराठी साहित्याचा या इतिहासाशी संबंध आहे आणि तो अगदीच किरकोळ नाही.

गुलामाची शिक्षा

खांबावर टांगून मारण्याची रीत रोमनांनी शोधली नाही. इराण आणि कार्थेज येथेही ती होती. रोमनांनी तिला व्यवस्था दिली. ही शिक्षा गुलामांची, बंडखोरांची आणि जिंकलेल्या प्रांतांतल्या सामान्य माणसांची. रोमन नागरिकाला ती सहसा देत नसत. स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर, इ. स. पू. 71 मध्ये, पकडलेल्या 6000 गुलामांना कापुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्याच्या कडेने टांगण्यात आले, असे इतिहासकार आप्पियन सांगतो. हे अंतर सुमारे दोनशे किलोमीटरांचे आहे. त्या रस्त्याने बाजाराला जाणाऱ्या माणसाला काय सांगायचे होते ते यावरून कळते. ही शिक्षा मारण्यासाठी जितकी होती, त्याहून अधिक दाखवण्यासाठी होती. इ. स. पू. 63 मधल्या एका भाषणात सिसेरोने असे मत मांडले, की क्रूस हा शब्दच रोमन नागरिकाच्या विचारापासून, डोळ्यांपासून आणि कानांपासून दूर असला पाहिजे.

सभ्य माणसाने उच्चारू नये असा हा शब्द होता, ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावी लागते. नागवे करून, वेशीबाहेर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेसमोर मरायला ठेवणे आणि बहुधा प्रेतालाही पुरू न देणे, हा त्या शिक्षेचा गाभा होता. 1968 साली जेरुसलेमजवळच्या एका थडग्यात अस्थिपेटी सापडली. तिच्यातल्या टाचेच्या हाडात लोखंडी खिळा तसाच अडकलेला होता. हजारो माणसे या रीतीने मारली गेली. हाडांचा असा पुरावा मात्र बोटांवर मोजण्याइतकाच मिळाला आहे. ज्यांची नावेसुद्धा उरू नयेत अशी योजना होती, त्यांची हाडे तरी कुठून मिळणार?

पंतय पिलात हा इ. स. 26 ते 36 या काळात यहुदियाचा रोमन अधिकारी होता. त्याच्या कारकिर्दीत, इ. स. 30 च्या सुमारास, नासरेथच्या येशूला हीच शिक्षा झाली. यहुद्यांचा राजा, असा आरोपाचा फलक डोक्यावर लावला होता, हे चारही शुभवर्तमाने सांगतात. रोमच्या लेखी हा राजद्रोहाचा गुन्हा होता. पिलाताने येशूला मृत्युदंड दिला हे टॅसिटस या रोमन इतिहासकारानेही दुसऱ्या शतकाच्या आरंभी नोंदवले आहे. त्याच्या सुरात तुच्छतेखेरीज काही नाही.

एक मरण, चार कथने

या घटनेपुढे पहिल्या शिष्यांची अवस्था काय झाली असेल? धर्मशास्त्रात, अनुवादाच्या पुस्तकात, झाडावर टांगलेला माणूस देवाने शापलेला असतो असे म्हटले होते. ज्याला आपण देवाने पाठवलेला मानले, त्याला धर्मशास्त्राने शापित ठरवलेले मरण आले. पौल इ. स. 50 नंतरच्या दशकात पत्रे लिहितो तेव्हा ही अडचण तो लपवत नाही. क्रुसाचा संदेश यहुद्यांना अडखळण वाटतो आणि ग्रीकांना वेडगळपणा, हे करिंथकरांना तो स्वतःच सांगून टाकतो. गलतीकरांना लिहिताना तो त्याच शापाच्या वचनाला हात घालतो आणि म्हणतो, की तो शाप ख्रिस्ताने आमच्यासाठी आपल्यावर घेतला. फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात देवाच्या बरोबरीचा असलेला ख्रिस्त दासाचे रूप घेतो आणि क्रुसावरच्या मरणापर्यंत खाली उतरतो. दास आणि क्रूस हे शब्द तिथे जवळजवळ येतात ते योगायोगाने नव्हे. गुलामाची शिक्षा भोगायची तर आधी गुलाम व्हावे लागते.

पौलानंतर शुभवर्तमाने लिहिली गेली. साहित्याच्या अभ्यासकाला इथे रस वाटेल, कारण एकच मरण चार जण चार परींनी सांगतात. मार्काचा येशू जवळजवळ मूक आहे. शिष्य पळून गेले आहेत, जवळून जाणारे हिणवत आहेत, आणि तो देवालाच विचारतो, की तू मला का सोडलेस. हे 22व्या स्तोत्राचे आरंभीचे शब्द आहेत. त्या स्तोत्राचा शेवट स्तुतीत होतो, पण मार्क तिथपर्यंत जात नाही. मत्तय बहुतांशी मार्काच्या मागे जातो आणि भूकंपाची, फुटणाऱ्या खडकांची जोड देतो. लूकाचा येशू मारणाऱ्यांसाठी क्षमा मागतो, शेजारी टांगलेल्या गुन्हेगाराला धीर देतो आणि पित्याच्या स्वाधीन होऊन प्राण सोडतो. योहानाचा येशू आपला क्रूस स्वतः वाहून नेतो, आईची व्यवस्था लावतो आणि काम पुरे झाल्याचे सांगून मान टाकतो. योहान येशूच्या मरणासाठी ‘उंच केले जाणे’ असा प्रयोग वापरतो. त्यात खांबावर चढवणेही आहे आणि गौरवाने उंचावणेही. वधस्तंभाचा क्रूस होण्याची सुरुवात या श्लेषात दिसते.

पुढच्या मंडळीने या चौघांतला एक निवडून बाकीचे टाकले नाहीत. गौरवाचा योहान ठेवला आणि मार्काचा आक्रोशही ठेवला. असे केल्यामुळे या चिन्हाला कायमचा एक अंतर्विरोध मिळाला, आणि आमच्या मते त्याचे सामर्थ्यही त्यातच आहे.

निरपराध माणूस खांबावर, ही कल्पना भारतीय परंपरेलाही अपरिचित नाही. महाभारताच्या आदिपर्वात अणीमांडव्याची कथा आहे. चोरांनी आश्रमात माल लपवला, ऋषी मौनात होता, राजाने त्याला सुळावर चढवले. तो मरत नाही. सूळ अंगात अडकलेल्या अवस्थेत तो धर्माकडे जाऊन जाब विचारतो. उत्तर मिळते, की लहानपणी तू किड्यांना काडी टोचली होतीस. मांडव्य संतापून धर्मालाच शाप देतो आणि धर्म विदुर होऊन दासीच्या पोटी जन्मतो. कथा विलक्षण आहे, कारण कर्मफळाच्या हिशेबाविरुद्धची तक्रार तिने महाकाव्यात नोंदवली आहे. तरीही दुःखाला मागचे काही कारण असले पाहिजे ही चौकट तिच्यात शाबूत राहते. शुभवर्तमानात ती चौकट मोडते. ख्रिस्ती वाचनानुसार क्रुसावरच्या माणसाच्या खात्यावर काहीच बाकी नाही. त्याचे दुःख त्याच्या मागच्या हिशेबातून निघत नाही. दुसऱ्यांशी असलेल्या त्याच्या नात्यातून निघते. आणि शाप द्यायची वेळ येते तेव्हा तो देत नाही, घेतो.

थट्टेपासून झेंड्यापर्यंत

पहिल्या तीन शतकांत ख्रिस्ती चित्रांत क्रूस फारसा दिसत नाही. रोमच्या भुयारी दफनभूमींत मासा आहे, नांगर आहे, खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ आहे. क्रूस हाताने कपाळावर रेखला जात असे; तर्तुलियन तिसऱ्या शतकाच्या आरंभी या सवयीचा उल्लेख करतो. पण भिंतीवर तो काढावा असे सहसा कोणाला वाटले नाही. रस्त्यावर खरे क्रूस उभे होते तोवर त्याचे चित्र घरात कोण लावणार?

येशूच्या क्रुसारोहणाच्या आरंभीच्या चित्रांपैकी एक तर शत्रूने काढलेले आहे. रोममधल्या पॅलेटाइन टेकडीवर 1857 साली भिंतीवरचे एक ओरखड्यांचे चित्र सापडले. ते बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या शतकातले आहे. गाढवाचे डोके असलेला एक माणूस क्रुसावर आहे, खाली एक जण हात वर करून उभा आहे, आणि अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करतो आहे अशा अर्थाची ओळ खरडलेली आहे. एखाद्या पोराची किंवा सोबत्याची ही टवाळी असेल. पण क्रुसावर गेलेल्याला देव मानणे त्या काळात किती हास्यास्पद वाटत होते, याचा इतका प्रामाणिक पुरावा दुसरा नाही.

312 साली मिल्वियन पुलाच्या लढाईपूर्वी सम्राट कॉन्स्टंटाइनला एक चिन्ह दिसले, अशी कथा आहे. लॅक्टान्शियस स्वप्नाची आणि ढालींवर काढलेल्या खुणेची गोष्ट सांगतो. युसेबियस आकाशात दिसलेल्या तेजस्वी क्रुसाची. तपशील जुळत नाहीत. परिणाम मात्र एकच झाला. जे रोमने बंडखोरांविरुद्ध वापरले, ते आता रोमच्या सैन्याचे चिन्ह झाले. 313 मध्ये ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली, 335 मध्ये जेरुसलेमला येशूच्या थडग्याच्या जागी बांधलेल्या मंदिराचे समर्पण झाले, आणि चौथ्या शतकाच्या अखेरीस तिथे गुड फ्रायडेला क्रुसाच्या लाकडाचे चुंबन घ्यायला रांगा लागत असल्याचे एगेरिया या यात्रेकरू स्त्रीने लिहून ठेवले. क्रुसावर चढवण्याची शिक्षा कॉन्स्टंटाइनने बंद केली असे नंतरचे रोमन लेखक सांगतात. रोमच्या सांता सबिना चर्चच्या लाकडी दारावर सुमारे 430 सालचे क्रुसारोहणाचे शिल्प आहे. त्यात येशूचे डोळे उघडे आहेत, हात पसरलेले आहेत, आणि मागचा क्रूस जेमतेम दिसतो. शिक्षा विस्मरणात गेल्यावरच चिन्ह डोळ्यांसमोर आणता आले, आणि तेही वेदना वगळून.

खंडणी, ऋण आणि प्रायश्चित्त

या मरणाने माणसाचे तारण कसे होते, या प्रश्नावर एकच उत्तर बंधनकारक आहे असे कोणत्याही प्राचीन सार्वत्रिक परिषदेने ठरवले नाही. ख्रिस्त आमच्यासाठी क्रुसावर गेला, एवढे विश्वासांगीकारात आले. ‘कसे’ हे मोकळे राहिले. त्या मोकळ्या जागेत तीन मोठी रूपके उभी राहिली. त्यांचा विचार मराठी शब्दांतून केला तर त्यांच्यातल्या अडचणीही लगेच दिसतात.

पहिले रूपक सुटकेच्या किमतीचे. मराठी बायबलात त्यासाठी ‘खंडणी’ हा शब्द आहे. माणूस पापाच्या कैदेत आहे आणि त्याला सोडवण्यासाठी ख्रिस्ताने प्राण दिला. पण मराठी माणसाला खंडणी म्हटले की ती उकळणारा आठवतो, आणि मग प्रश्न पडतो, की दिली कोणाला? हाच प्रश्न आरंभीच्या ग्रीक धर्मवेत्त्यांनाही पडला होता. निसाच्या ग्रेगरीने चौथ्या शतकात उत्तर दिले, की सैतानाला. आणि त्यात सैतान गळाला लागलेल्या माशासारखा फसला, कारण मानवी देहाच्या आमिषाखाली देवत्वाचा गळ होता. देव सैतानाचे देणे लागतो ही कल्पना पुढे अनेकांना खटकली.

दुसरे रूपक ऋणाचे. कँटरबरीच्या अन्सेल्मने 1098 साली पूर्ण केलेल्या ग्रंथात असे मांडले, की पापाने देवाच्या सन्मानाचा भंग झाला. भरपाई माणसाने करायला हवी, पण तेवढी ऐपत फक्त देवाची. म्हणून जो देवही आहे आणि माणूसही आहे अशानेच ती केली. सरंजामी युगातल्या मानमर्यादेची भाषा इथे उघड ऐकू येते. त्यानंतर काही दशकांत आबेलारने दुसरी दिशा धरली. क्रुसाने देवाचे मन बदलले नाही, माणसाचे बदलले. एवढे प्रेम पाहिल्यावर माणसाच्या अंतःकरणात प्रेम पेटते, यात तारण आहे, असा त्याचा भर होता.

तिसरा शब्द ‘प्रायश्चित्त’. मराठी ख्रिस्ती लेखनात तो इतका रुळला आहे, की त्यातली उलथापालथ आपल्या लक्षात येत नाही. धर्मशास्त्राच्या परंपरेत प्रायश्चित्त ज्याचे पाप त्यानेच घ्यायचे असते. उपवास त्याचा, दान त्याचे, क्लेश त्याचे. ख्रिस्ती अर्थाने ते दुसऱ्याने, निष्पाप असलेल्याने घेतले आहे. भाषांतरकारांनी ओळखीचा शब्द उचलला आणि त्याचा कर्ता बदलला. एका शब्दाच्या व्याकरणात एवढे मोठे धर्मांतर क्वचितच घडले असेल.

प्रत्येक रूपक आपापल्या समाजातून आले: कैदी आणि गुलाम असलेल्या समाजातून, सरदारांच्या समाजातून, कर्मकांडाच्या समाजातून. एकही पुरे पडत नाही, ही आम्हाला उणीव वाटत नाही. ज्या घटनेचा अर्थ एका रूपकात मावला असता, तिच्याबद्दल इतकी शतके कोणी बोलत राहिले नसते.

अंगरख्यावर आणि अंगावर

1095 साली क्लेरमाँ येथे पोप दुसऱ्या अर्बनने जेरुसलेम जिंकण्याचे आवाहन केले आणि जाणाऱ्यांनी कापडाचा क्रूस अंगरख्यावर शिवला. पुढच्याच वर्षी ऱ्हाइन नदीच्या काठच्या शहरांत यहुद्यांची कत्तल झाली. 1099 मध्ये जेरुसलेम पडले तेव्हा तिथल्या मुसलमानांची आणि यहुद्यांची. ज्या शहराच्या वेशीबाहेर एका यहुद्याला क्रुसावर मारले, त्याच शहरात त्याच्या नावाने यहुदी मारले गेले. येशूच्या मरणाचा दोष सगळ्या यहुद्यांवर ठेवण्याची शिकवण शतकानुशतके चालत आली होती. कॅथलिक चर्चने 1965 साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, ती अधिकृतपणे नाकारली.

याच मध्ययुगात उलट दिशेची हालचालही होती. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलोनच्या कॅथीड्रलसाठी लाकडाचा मोठा क्रूस कोरला गेला. त्यावरच्या येशूचे डोळे मिटलेले आहेत, पोट सुटलेले आहे, देह स्वतःच्या वजनाने खाली ओढला गेला आहे. सांता सबिनाच्या दारावरचा जागा ख्रिस्त इथे मेलेला आहे. 1512 ते 1516 या काळात ग्रुनेवाल्डने इसेनहाइमच्या मठासाठी चित्रे काढली. तो मठ रुग्णालय चालवत असे. बुरशी लागलेल्या रायधान्याच्या भाकरीने होणाऱ्या जळजळीच्या रोगाचे रुग्ण, हातपाय सडलेले, तिथे येत. ग्रुनेवाल्डच्या येशूच्या कातडीवर जखमांचे तसेच ठिपके आहेत. त्या चित्रापुढे बसलेल्या रुग्णाला सिद्धांताची गरज नसेल. आपल्यासारखे अंग त्याला वर दिसत होते. लढवय्याच्या अंगरख्यावरचा क्रूस आणि रोग्याच्या अंगासारखे अंग असलेला क्रूस, आकृती एकच. 1518 साली मार्टिन ल्यूथरने हायडेलबर्गच्या वादसभेत गौरवाचे धर्मशास्त्र आणि क्रुसाचे धर्मशास्त्र असा भेद केला, तेव्हा तो एका अर्थाने याच दोहोंतले अंतर दाखवत होता.

कुंकळ्ळी आणि राशोल

क्रूस भारतात पोर्तुगीजांच्या पूर्वी आला होता. चेन्नईच्या सेंट थॉमस माउंटवर 1547 मध्ये सापडलेला पहलवी लेखाचा दगडी क्रूस प्रसिद्ध आहे. तशाच धाटणीचा एक गोव्यात आगशीजवळ 2001 साली सापडला. या क्रुसांवर देह नाही. पायथ्याशी पाने फुटलेली आहेत, जणू लाकूड पुन्हा झाड झाले आहे. व्यापाऱ्यांबरोबर आलेला हा क्रूस कोणावर चालून आला नव्हता.

सोळाव्या शतकातला क्रूस वेगळा होता. साष्टीतली देवळे 1567 मध्ये पाडण्यात आली. 25 जुलै 1583 रोजी कुंकळ्ळीला रुडॉल्फ आक्वाव्हिवा आणि त्याचे चार जेझुइट सोबती क्रूस उभारण्यासाठी आणि चर्चची जागा ठरवण्यासाठी आले. गावकऱ्यांनी त्यांना ठार केले. पुढे गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावून पोर्तुगीजांनी मारले. एका बाजूने पाहिले तर पाच जण श्रद्धेसाठी मेले. चर्चने त्यांना हुतात्मे मानले. दुसऱ्या बाजूने पाहिले तर दैवते गमावलेल्या गावाने आपल्या जमिनीत परक्या सत्तेचा खांब रोवू दिला नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एक सांगून दुसरी झाकणे हा इतिहासाशी अप्रामाणिकपणा आहे. त्या जुलैत क्रूस सत्तेच्या हातात होता, आणि किल्ल्यात विश्वासघाताने मारले गेलेले प्रमुख क्रुसावरच्या माणसाच्या अधिक जवळ होते, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करतो.

याच सुमारास, 24 ऑक्टोबर 1583 रोजी, गोव्यातून एका इंग्रज जेझुइटाने आपल्या भावाला पत्र लिहिले आणि इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी असल्याचे नोंदवले. तो थॉमस स्टीफन्स. 1579 साली तो गोव्यात आला आणि 1619 मध्ये वारला. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली राशोलला छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ आहे. त्याच्या आरंभी एक प्रसंग आहे: नव्याने ख्रिस्ती झालेले लोक पाद्रीला विचारतात, की जुनी पुराणे गेली, मग आम्ही वाचायचे काय? या एका प्रश्नात तो सगळा काळ आहे. ज्यांच्या पोथ्या काढून घेतल्या, त्यांनाच पोथीची भूक होती. स्टीफन्सने ती ओळखली आणि पुराणच दिले. त्याने दिलेल्या येशूच्या मरणाच्या कथेवर रोमन शिक्का नाही. ओवीच्या ओघात, श्रोत्यांना जवळ बसवून, कीर्तनकाराच्या लयीत ती येते. रोवलेला क्रूस जिथे पोहोचू शकला नाही तिथे सांगितलेला क्रूस पोहोचला. साष्टीतून स्थलांतर केलेल्या कुटुंबांनी ही पोथी मंगळूरकडे जपली, आणि 1907 साली तिथूनच ती पुन्हा छापली गेली.

आम्ही मराठीचे अध्यापक ‘क्रिस्तपुराण’ शिकवतो तेव्हा मराठी भाषेच्या गौरवाच्या ओव्या म्हणून दाखवतो आणि पुढे सरकतो. विद्यार्थ्यांना मायमराठीचे कौतुक करणारा एक गोड गोरा पाद्री भेटतो, कुंकळ्ळी भेटत नाही. उलट बाजूने, कुंकळ्ळीचा इतिहास सांगणारे बहुधा ‘क्रिस्तपुराणा’कडे धर्मांतराचे साधन म्हणूनच पाहतात. ग्रंथ दोन्ही वाचनांहून मोठा आहे. जबरदस्तीच्या काळात जन्मलेली आणि तरीही जबरदस्तीची भाषा न बोलणारी कविता कशी असते, हे पाहायचे असेल तर दोन्ही पाने शेजारी ठेवून वाचावी लागतात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चित्र पालटले. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तो कोणत्याही इन्क्विझिशनच्या छायेत नव्हे. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे गेलो असे ते मानत. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त माउली होतो, गुरू होतो. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ मात्र अपुरे राहिले. 1919 मध्ये ते वारले तेव्हा आरंभीचे काही अध्यायच झाले होते. बाकीचा जवळजवळ सारा ग्रंथ लक्ष्मीबाईंनी रचला आणि त्यांच्या निधनानंतर, 1938 मध्ये, तो प्रसिद्ध झाला. म्हणजे या मराठी महाकाव्यातला क्रुसाचा भाग ज्या बाईंच्या हातून उतरला, त्यांनी नवऱ्याच्या धर्मांतरानंतरची ताटातूट, लोकांची बोलणी आणि एकटेपण सोसले होते. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या कोणालाही ते ठाऊक आहे. मला का सोडलेस, हा प्रश्न त्यांना पुस्तकातून शिकावा लागला नसेल.

कोणाच्या हातात

1931 च्या डिसेंबरात गांधीजी रोमला गेले तेव्हा व्हॅटिकनमधल्या क्रुसावरच्या येशूच्या मूर्तीपुढे ते भारावून उभे राहिले. ते ख्रिस्ती नव्हते, पण दुसऱ्याला न मारता स्वतः सोसण्याचा अर्थ त्यांना तिथे दिसला. 1938 मध्ये मार्क शगाल या यहुदी चित्रकाराने ‘शुभ्र क्रुसारोहण’ काढले. त्यात क्रुसावरच्या येशूच्या कमरेला यहुद्यांची प्रार्थनेची शाल आहे आणि भोवती सिनेगॉग जळत आहे, माणसे पळत आहेत. ज्या चिन्हाच्या नावाने यहुदी मारले गेले ते चिन्ह शगालने यहुद्यांकडे परत नेले. 2011 साली अमेरिकन धर्मवेत्ता जेम्स कोन याने क्रूस आणि कृष्णवर्णीयांना झुंडीने फाशी देण्याची झाडे यांच्यावर ग्रंथ लिहिला. झाडावर टांगलेल्या काळ्या माणसाकडे पाहूनही ज्यांना क्रूस आठवला नाही, त्या गोऱ्या ख्रिस्ती लोकांना क्रूस कळलाच नव्हता, असा त्याचा रोख आहे.

या तिघांचे धर्म वेगळे, देश वेगळे. तिघांनीही केले मात्र एकच. क्रुसाची आकृती बाजूला सारून त्यांनी त्यावरच्या देहाकडे पाहिले. सबंध इतिहासाला एक साधा प्रश्न लावून पाहता येतो: क्रूस कोणाच्या हातात आहे आणि क्रुसावर कोण आहे? कॉन्स्टंटाइनच्या छावणीत, 1099 च्या जेरुसलेममध्ये, 1583 च्या साष्टीत तो मारणाऱ्यांच्या हातात होता. इसेनहाइमच्या रुग्णांपुढे आणि लक्ष्मीबाईंच्या लेखणीत तो सोसणाऱ्यांकडे परत आला. 1896 च्या प्लेगच्या काळात मुंबईच्या गावठाणांत लोकांनी नाक्यानाक्यावर छोटे क्रूस उभारले, तेही सोसणाऱ्यांचेच होते.

म्हणून मराठीतले ते दोन शब्द दोन्ही राहावेत असे आम्हाला वाटते. नुसता ‘वधस्तंभ’ उरला तर श्रद्धाळूला त्यात जे तारण दिसते, मरणापलीकडची जी आशा दिसते, तिला शब्द उरत नाही. नुसता ‘क्रूस’ उरला तर तो दागिना होतो किंवा झेंडा होतो. ख्रिस्ती श्रद्धेचे म्हणणे असे आहे, की देव सिंहासनावर जितका दिसत नाही तितका या शापित लाकडावर दिसतो. हे म्हणणे मान्य करणे न करणे ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. पण ते काय म्हणणे आहे हे समजून घ्यायचे असेल, तर सोन्याच्या क्रुसामागे लाकडाचा वधस्तंभ दिसत राहिला पाहिजे, आणि त्याच्यावर नाव पुसून टाकायला निघालेल्या सत्तेला न पुसता आलेला एक माणूस.